ग्रीक लग्नाला न गेलेल्या काकू

सुमतीकाकू गेल्या त्याला आता सहा आठवडे झाले. त्यांच्या मुलाचा, अजितचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला चाललो होतो. "आई गेली रे," एवढंच म्हणाला. पुढच्या एक्झिटला गाडी बाहेर काढून मी कडेला लावली. आणि खरं सांगतो, आधी त्यांचं आजारपण आठवलं नाही, त्यांच्या हातचं पिठलं आठवलं नाही. आठवला तो भिकार सिनेमा...

नागपूरहून मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आलो तेव्हा एकटाच होतो. काकू मूळच्या वर्ध्याच्या, शेजारच्या टाउनहाउसमध्ये मुलाकडे राहायच्या. "काही रांधतोस की नुसता ब्रेड चघळतोस?" हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. त्या दिवसापासून माझं रात्रीचं जेवण त्यांच्याकडे. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात आमच्या भागात एका ग्रीक रोमँटिक कॉमेडीचं शूटिंग ठरलं. छोटाच सिनेमा. मुलगी ग्रीक, मुलगा अमेरिकन, आणि लग्नाला मुलीचे भारतीय शेजारी. हे शेजारी जमवायचं काम मराठी मंडळातर्फे माझ्याकडे आलं आणि मी असा काही फुगलो की विचारू नका! दिग्दर्शकही ग्रीक. भेटला की सांगायचा, सिनेमात आमच्या लोकांची नेहमी थट्टाच होते, या वेळी मी त्यांना जसे आहेत तसे दाखवणार. मला ते फार पटायचं.

यादीत पहिलं नाव काकूंचं. त्यांनी अख्खं कॉलिंग कार्ड वर्ध्याच्या बहिणीला ही बातमी सांगण्यात संपवलं. "लग्न आहे ना? मग मी नऊवारीच नेसणार," हे त्यांचं ठरलेलं. मी त्यांचा नऊवारीतला एक जुना फोटो पाठवला. कपडेपट बघणाऱ्या बाईंचं उत्तर आलं, हे काही इंडियन वाटत नाही, प्रेक्षक गोंधळतील, आम्ही चमचमता लेहंगा देऊ. मला फक्त एक वाक्य लिहायचं होतं, की आमच्याकडच्या बायका लग्नाला अशाच नटतात. नाही लिहिलं. उगाच वाद झाला आणि माझंच नाव कटलं तर? वर काकूंना सांगायचंही दोन दिवस टाळलं. शेवटी शूटिंगच्या दिवशी सकाळी फोन केला.

"लेहंगा? या वयात? नको रे बाबा," त्या हसल्या. "तुम्ही जा सगळे. मजा करा."

गेलो आम्ही. जन्मात कधी न घातलेला गुलाबी फेटा डोक्यावर चढवून, जन्मात कधी न केलेला भांगडा करून आलो.

सिनेमा लागला तेव्हा काकूंना मीच घेऊन गेलो. पडद्यावर सेकंदभर माझी पाठ दिसली, तर काकूंनी टाळ्या वाजवल्या. मग आली त्या ग्रीक मुलीची आजी... काळा झगा, डोक्याला काळा रुमाल, पायात जाड मोजे. अख्खं थिएटर तिच्यावर खूश. काकू माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "बघ, हिला कोणी कपडे बदलायला लावले नाहीत." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी वाद घातला असता आणि मग माफीही मागितली असती. मी त्यांच्यापुढे पॉपकॉर्न धरले.

शोकसभेसाठी फोटो हवा होता, म्हणून मी अजितकडे गेलो. त्याची मुलगी रिया शूटिंगच्या वेळी सात वर्षांची होती, आता बारा वर्षांची आहे. तिनं कॉम्प्युटरवर एकेक फोटो दाखवायला सुरुवात केली. एका फोटोत काकू दारात उभ्या होत्या. हिरवी नऊवारी, नथ, अंबाड्यावर मोगऱ्याचा खोटा गजरा, हातात पर्स. बाहेर नुकतं उजाडलेलं.

"हा कधीचा गं?"

"द मूव्ही डे," रिया म्हणाली. "आय टुक इट. आजी वॉज ऑल रेडी. देन यू कॉल्ड."

म्हणजे 'नको रे बाबा' म्हणून हसल्या, तेव्हा काकू नेसून, नटून, चपला घालून उभ्या होत्या. काकू, चुकलं माझं. त्यानंतर पाच वर्षं तुमच्याच हातचं जेवलो, तेव्हा एकदा तरी म्हणायला हवं होतं.