माव्याच्या दोन ओळी

मी स्वभावानं उतावीळ. जनावरांचा हौद खरवडून धुवायचा होता आणि तळाशी बेडकाची शेपटीवाली पिल्लं वळवळत होती. ओतून द्यायला हात होईना, म्हणून ती जुन्या टबात काढली. उकडलेला पालक टाकला की त्यावर तुटून पडायची. पोसणं सोपं आहे, असं मला वाटलं.

मग पाय फुटले, शेपट्या आटल्या आणि नखाएवढी बेडकं टबातल्या खापरावर चढून बसली. तेव्हापासून पालकाला तोंड लावेनात. भाकरीचा चुरा घालून पाहिला, अंड्याचा बलक घालून पाहिला. सगळं पाण्यात नासलं. तिसऱ्या दिवशी दोन मेलेली सापडली. उरली नऊ. मला रडूच आलं. एवढ्याशा जिवासाठी रडते म्हणून नवरा हसला, तर त्या दिवशी त्याला कोरडी भाकरी वाढली.

सासरे ओट्यावर बसून बघत होते. गुडघ्यांनी त्यांचं शेतात जाणं कमी केलं होतं, हुकूम सोडणं मात्र नाही.

"पोरी, हलत न्हाय ते त्येंला दिसतच न्हाय," ते म्हणाले. "जित्तं पायजे. मावा आणतो थोडा."

मावा म्हणजे चवळीच्या शेंड्याला चिकटणारी काळी बारीक कीड. या माणसानं चाळीस वर्षं पाठीवर पंप घेऊन तिच्याशी वैर केलेलं. पानावर चार ठिपके दिसले की औषध आजच मारा म्हणून घर डोक्यावर घ्यायचे. तेच आता काठी टेकत मावा आणायला निघाले, म्हणून मी तोंडाला पदर लावून हसले.

तासाभरानं ते चवळीचे शेंडे घेऊन आले. मी घाईनं टबात सोडणार, तोच नाकाला उग्र वास आला. आदल्या दिवशीच नवऱ्यानं तिथं औषध मारलेलं.

"मामा, वास येत नाही का तुम्हाला? सगळी मेली असती!" मी ओरडलेच.

त्यांनी शेंडा नाकाशी धरला. पुन्हा धरला.

"न्हाय येत," ते म्हणाले. "लई वर्षं झाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांच्या फवारणीनं त्यांचं नाक गेलं आणि घरात कुणाला पत्ता नाही. मी शेंडे लांब नेऊन टाकले, साबणानं हात धुतले, त्यांच्याही हातांवर पाणी घातलं. चहा केला, त्यात साखर जरा जास्तच घातली.

विहिरीकडच्या दोन ओळी औषध संपल्यामुळं तशाच राहिल्या होत्या. त्यांना हात लावायचा नाही, असं सासऱ्यांनी मुलाला बजावलं. दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेले. ते शेंडा खुडायचे, मी हुंगायची, मग पिशवीत.

घरी येऊन एक शेंडा टबावर झटकला. काळे ठिपके खापरावरून चालू लागले. सगळ्यात बारकं बेडूक वळून बघत राहिलं आणि एकदम पुढं झेपावलं. ठिपका गायब.

"खाल्लं!" सासरे एवढ्या मोठ्यानं म्हणाले की शेजारीण कुंपणापाशी आली. मला इतका आनंद झाला की तिला आत बोलावून टब दाखवला. ती आम्हा दोघांकडे संशयानं बघून गेली.

पुढचे पंधरा दिवस आमची सकाळ अशीच गेली. बेडकं टबाबाहेर उड्या मारायला लागली तेव्हा नऊच्या नऊ विहिरीकडच्या ओल्या बांधावर सोडून आलो.

त्याच आठवड्यात नवरा पंप भरून निघाला, मीही मागोमाग गेले. मावा त्या दोन ओळींतून सोयाबीनकडे सरकेल, आता थांबता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. सासरे आमच्या आधीच तिथं पोचले होते. ते ओळीच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभे राहिले.

"हिथं नगं मारू," ते मुलाला म्हणाले. "लेकरं जेवत्यात."