पाहुण्यांचा चहा

२००५च्या जूनमधल्या एका शनिवारी सकाळी स्पेशालिस्ट हुद्द्याचा सैनिक हॅन्सन कड्यावरून पडला आणि मेला.

आमची अमेरिकन आर्मीची रिझर्व्ह तुकडी त्या आठवड्यात कॅस्केड पर्वतात माउंटन ट्रेनिंगला होती. बेस म्हणजे एका क्लाइंबिंग क्लबची लाकडी हट. खाली शेगडी, माळ्यावर झोपायला फळ्या. शनिवार-रविवारी रेडमंडकडचे, सॉफ्टवेअर कंपन्यांतले हौशी लोकही तिथे येत.

माझ्या रकसॅकमध्ये कायम पुस्तक असे, म्हणून हॅन्सन मला प्रोफेसर म्हणे. इराकमध्ये आम्ही एकाच गाडीत होतो. तिथून दोघंही धड परतलो. माझ्या आल्याच्या चहाला तो नावं ठेवी. "हा चहा नाही, सूप आहे." आणि मग पुन्हा भरून घेई.

त्या सकाळी स्टाफ सार्जंट मोरालेस आणि तो वरच्या धारेवर गेले. बाकीचे खाली ग्लेशियरवर होते. हटमध्ये रेडिओवर मी. धुकं उतरलं होतं.

"बेस, तीन हाका ऐकल्या. शिखराकडून." मोरालेसचा आवाज.

डोंगरात थांबून थांबून तीन हाका म्हणजे मदत हवी.

"शब्द कळतात?" मी विचारलं.

"निगेटिव्ह. वारा आहे. बरेच जण ओरडतायत. निघालो."

मग हॅन्सनचा आवाज. "प्रोफेसर, चहा टाक. पाहुणे आणतो."

मी पातेलं चढवलं.

दोर बांधण्यात वेळ जाईल म्हणून हॅन्सन तसाच पुढे झाला. कड्याबाहेर वाऱ्याने थापलेला बर्फ, म्हणजे कॉर्निस, धुक्यात जमिनीसारखाच दिसतो.

"बेस, मॅन डाउन. कॉर्निस तुटली."

"बोलतोय का?"

"हाका मारतोय मी. उत्तर नाही."

मी खालच्या तुकडीला वर वळवलं. धुक्यामुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. रेडिओ सोडायचा नाही, अशी ऑर्डर होती. सोडला नाही.

तासाभराने दार उघडलं. पलीकडच्या वाटेने शिखरावरून उतरलेले पाच जण आत आले. पुढे साठीचे एक काका. माझ्या छातीवरची पट्टी वाचून त्यांच्यातली मुलगी ओरडली, "अय्या, पेंडसे! काका, आपला माणूस!"

"काय सांगतेस! कुठले हो तुम्ही? पुण्याचे?"

"साताऱ्याचा."

"मग तुम्हाला सांगायलाच हवं. वर पोचलो आणि गडावर करतो तशी गर्जना केली. हर हर महादेव! एकदा नाही, तीनदा!" त्यांचा घसा बसला होता. "चहाचा वास येतोय. मिळेल का घोटभर?"

मी चहा गाळला. एक मग कमी पडला, तेव्हा काकांना हॅन्सनचा दिला. मुलीने चिवडा काढला.

रेडिओ वाजला. "बेस, पोचलो त्याच्यापाशी. हॅन्सन गेला."

"कुणी पडलं का हो?" मुलीने विचारलं.

"हो. आमच्यातला एक."

"अरेरे," काका म्हणाले. "डोंगराशी मस्ती करून कसं चालेल?"

मी त्यांना काही सांगितलं नाही. चहा पिऊन ते उतरले.

अंत्यविधीच्या वेळी हॅन्सनच्या आईने मला बाजूला घेतलं. ज्यांच्यासाठी तो धावला ते वाचले का, एवढंच तिने विचारलं.

"सगळे सुखरूप आहेत," मी म्हणालो.

हे मी मराठीत लिहिलं, कारण त्या पाच जणांना मराठी वाचता येतं.

हॅन्सन चोवीस वर्षांचा होता. त्याचा मग माझ्याकडे आहे.