पाण्यातला चाफा

अक्कांच्या दारातून कुणी कोरड्या घशाने परत गेल्याचं मला आठवत नाही. मीटर वाचायला आलेला माणूस असो, कुरियरवाला असो, की चुकून भलत्याच मजल्यावर चढलेला कुणाचा पाहुणा. आधी तांब्याभर पाणी, मग कामाचं बोलणं. "पह्यले पानी प्या, मंग बोला," हे त्यांचं अहिराणी वाक्य आमच्या जिन्यात दिवसभर ऐकू यायचं. आणि हे कुठे, तर आमच्या धुळ्यात, देवपुरात, जिथे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही आणि घरोघरी निळी पिंपं भरून ठेवावी लागतात. त्यांच्या सुनेने, वैशालीने, एकदा वैतागून पिंपाच्या झाकणावर धोंडा ठेवला. अक्कांनी तो शांतपणे उचलला, तांब्या भरला आणि घामाघूम झालेल्या वैशालीच्याच हातात दिला. 

त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, त्या जवळच्याच सोनगीरचं घर गेल्यावर. घर हायवेला लागून होतं, रस्ता रुंद झाला आणि घर त्यात गेलं. मुलगा दिलीप धुळ्यातच नोकरीला, त्यामुळे आईला आणण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. मी स्वभावाने जरा तुसडी आहे, समोर कोण आलं, कोण गेलं याची मला फारशी पडलेली नसते. पण अक्का आल्या त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि त्या एका ट्रंकेवर बसून छातीशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी धरून होत्या. मला वाटलं, देव असतील. त्या चाफ्याच्या फांद्या होत्या.

चाफा म्हणजे देवळापुढे असतो तो, जाड बोटांसारख्या फांद्यांचा, पांढऱ्या फुलांचा आणि आत पिवळा. त्यांच्या मंदाने, म्हणजे दिलीपच्या थोरल्या बहिणीने, शाळेत असताना गावच्या किल्ल्याच्या पायथ्याच्या देवळातून एक फांदी आणून अंगणात खोचली होती. लोक म्हणाले, हे झाड देवळात शोभतं, घरापुढे लावू नये. अक्कांनी लोकांना पाणी पाजून वाटेला लावलं. मंदा पुढे जळगावला शिकायला गेली आणि तिथेच, लग्नही व्हायच्या आत, आजारपणात वारली. झाड मात्र वाढलं. तेव्हापासून रोज सकाळी अक्का मंदाच्या झाडाचं फूल मंदाच्या फोटोला वाहायच्या. चाफ्याची पानं गळायच्या दिवसांत फूल नसलं की फोटोपुढे काहीच ठेवायच्या नाहीत. बाजारातलं फूल त्यांना चालत नसे. "तिना झाडनं नही ते," एवढंच म्हणायच्या.

त्या फांद्यांचं जे झालं, ते अक्कांच्याच हातून झालं. चाफ्याची फांदी तोडली की चीक सुकेपर्यंत सावलीत नुसती पडू द्यायची असते, मग मातीत खोचायची. अक्कांनी घरात पाऊल ठेवल्याबरोबर सगळ्या फांद्या बादलीभर पाण्यात उभ्या केल्या. सोनगीर ते धुळे अंतर ते काय! पण फांद्या उन्हातून आल्या होत्या, तहानल्या असतील, म्हणून दारात येणाऱ्या कुणालाही द्यावं तसं त्यांनाही पाणी दिलं. महिना उलटायच्या आत सगळ्या फांद्या बुडापासून काळ्या पडून मऊ झाल्या. दिलीप मोटरसायकल काढून सोनगीरला गेला आणि तसाच परत आला. अंगणाच्या जागी खडी दाबून सपाट केलेली होती. फोटोपुढची जागा त्या दिवसापासून रिकामी राहिली.

मग एका दुपारी अक्का माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात रुमालात बांधलेली एक शेंग होती, बैलाच्या शिंगांसारखी दोन टोकांना वळलेली, तपकिरी, वाळलेली. झाड पाडायच्या दिवशी त्यांनी ती सहज तोडून ट्रंकेत टाकली होती. चाफ्याला शेंग क्वचित धरते, त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिली होती. "हाई पेरं तं उगी का, माय?" त्यांनी विचारलं. मला काय ठाऊक? शेंग उकलली, तर आत एकावर एक रचलेल्या बिया, प्रत्येकीला कागदी पंख. पंख्याच्या वाऱ्याने दोन-चार उडाल्या, तर अक्कांनी पदर पसरून त्या धरल्या.

अर्ध्या बिया त्यांनी तेलाच्या डब्यांत काळ्या मातीत पेरल्या आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालून बुडवल्या. कोंब वर आले, माना टाकून आडवे झाले. वैशाली म्हणाली, "आत्या, अहो, जरा कमी घाला ना." अक्कांनी मान डोलावली आणि पुन्हा घातलं. त्यांना कमी देणं जमायचंच नाही. पोळीला तूप, पाहुण्याला आग्रह, झाडाला पाणी, सगळं हात सोडून.

इथे आमच्या ह्यांचा प्रवेश होतो. ह्यांना दर वर्षी एखादं खूळ लागतं. त्या वर्षी मातीशिवाय भाजी पिकवायचं लागलं होतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून गच्चीवर एक टब मांडला, त्याच्या झाकणाला भोकं पाडली, भोकांत जाळीच्या कपांमधून भाजक्या मातीच्या गोळ्या, खाली पाण्यात विरघळवलेलं खत, आणि माशांच्या पेटीत असतो तसला हवेचा पंप. दोनदा पालक खाल्ला आणि खूळ उतरलं. टब तसाच पडून होता, मी भंगारवाल्याला द्यायच्या बेतात होते. ह्यांना अक्कांच्या बियांचं कळलं आणि गृहस्थ पुन्हा पेटले. उरलेल्या बिया ओल्या नारळाच्या भुशात पंख वर करून खोचल्या, कोंब आल्यावर एकेक रोप हळूच जाळीच्या कपात बसवलं.

अक्का टबाकडे बघून कितीतरी दिवसांनी हसल्या. "हाई बरं शे. आते पानी जास्त व्हयनं म्हनीसन माले कोनी बोलाव नही."

पण बोलावं लागलंच. खताचं औषध टोपणाने मोजून घालायचं होतं, अक्कांनी मायेपोटी दुप्पट ओतलं आणि पानांच्या कडा जळाल्या. आमचे हे कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला.  नंतर मात्र अक्का टोपण डोळ्यांशी धरून, ओठ मिटून, थेंब न् थेंब मोजायला लागल्या. मुळं नुसत्या पाण्यात गुदमरतात, त्यांना हवाही लागते, हे एकदा डोक्यात बसल्यावर वीज गेली की त्यांचा जीव वर-खाली व्हायचा. "मोटर बंद पडनी, पोरी!" अशी हाक जिन्यातून यायची आणि डाळ घोटायची रवी घेऊन त्या गच्चीवर पळायच्या. वीज येईपर्यंत टबातलं पाणी ढवळत बसायच्या.

अशाच एका दुपारी, पाणी ढवळता ढवळता, त्यांनी मला मंदाचं सांगितलं. जळगावच्या दवाखान्यात पोटाचं ऑपरेशन व्हायचं होतं. आतडं फुटलं होतं. तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "मंदी पानी पानी करे, माय. मन्हा हात धरीसन करे. डाक्टर म्हने, देऊ नका. मी नही दिन्हं. तिले सांगं, सकायले देसू." रवी फिरत होती. सकाळी पाणी द्यायला मंदा राहिलीच नाही. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं, अक्काही तसं कधी म्हणाल्या नाहीत. पण दारात येणाऱ्या प्रत्येकाला त्या तांब्या का धरतात, ते मला तेव्हा कळलं आणि मी पदर डोळ्यांना लावला. माझ्यासारख्या तुसड्या बाईचं त्यांनी काय करावं? खाली नेऊन पाणी दिलं.

रोपांमधलं शेवटी एकच टिकलं. ते वाढवलं आणि मोठ्या बादलीत, त्याच मातीच्या गोळ्यांमध्ये, तसंच पाण्यावर बसवलं. ह्यांनी एका नर्सरीवाल्याला ते बघायला आणलं. तो भला माणूस होता, पण मनात येईल ते बोलून मोकळा होणारा. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "अक्का, एक सांगून ठेवतो. फांदीचं झाड आईसारखं होतं. बियाचं तसं नसतं. याला फूल यायलाच काही वर्षं लागतील, आणि ते त्या झाडासारखं असेल असं नाही. रंग दुसराच निघेल कदाचित."

मी घाबरून अक्कांकडे पाहिलं. त्यांनी रिकामा तांब्या त्याच्या हातून घेतला. "मन्हा रंग देखा, भाऊ. अन् मन्ही आंडेर गोरीपान व्हती. म्हनीसन ती मन्ही नव्हती का?"

आंडेर म्हणजे लेक. त्या माणसाने अजून थोडं पाणी मागून घेतलं.

त्या थंडीत झाडाची सगळी पानं गळाली. धुळ्याची थंडी काय असते ते धुळेकरांना सांगायला नको. नुसता एक करडा दांडा उरला. वैशालीला वाटलं, गेलं. ती तो उपटायला वाकली, तर अक्का जिन्यातूनच ओरडल्या, "कसाले उपटस? ते मरेल नही, झोपेल शे!" चाफ्याला अशा दिवसांत पाणी आणि खत दोन्ही कमी लागतं. बादलीतलं पाणी त्यांनी स्वतः उतरवलं, मुळांची टोकं भिजतील एवढंच ठेवलं. रोज जाऊन बघायच्या, हात तांब्याकडे जायचा आणि त्या तो मागे घ्यायच्या. आयुष्यभर न जमलेली गोष्ट त्या बाईने त्या दांड्यासाठी शिकून घेतली. उन्हं तापली तशी शेंड्याला हिरवी टोकं फुटली.

पुढे अक्कांच्या पायांवर सूज येऊ लागली. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं, दिवसाला एवढंच, वर घोटभरही नाही. हे ऐकल्यावर मला त्यांच्याकडे बघवेना. त्या मात्र म्हणाल्या, "झाडले कमी पानी देवानं शिकनू, आते सोताले." येणाऱ्या-जाणाऱ्याला तांब्या भरून द्यायच्याच, आणि समोरचा पीत असताना त्याच्याकडे बघत बसायच्या. शेवटच्या दिवसांत तर वैशाली ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसायची. अक्कांनी एकदाही पाणी मागितलं नाही. एका संध्याकाळी माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "मंदीले असंच व्हयनं व्हई ना, माय?" काही दिवसांनी त्या गेल्या. तेव्हा चाफा गुडघ्याच्या वर आला होता, पण कळीचा पत्ता नव्हता.

नंतर ह्यांची बदली झाली आणि आम्ही जळगावला आलो. झाड नेऊ का, असं ह्यांनी भीत भीत विचारलं होतं, पण वैशाली नाही म्हणाली. औषधाचं टोपण, पंप, रवी, सगळं तिने मागून घेतलं.

यंदाच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "वहिनी, कळ्या आल्यात." मग दोन-तीन दिवस रोज फोन. आणि एका सकाळी, "आज उमलतंय. येता का?" मी मिळाली ती एसटी पकडली. धुळ्याला पोचले तेव्हा ऊन रणरणत होतं. दार उघडल्याबरोबर मी म्हटलं, "कुठेय?"

"आधी पाणी प्या, वहिनी. मग बघू," वैशाली म्हणाली आणि तोच पितळी तांब्या माझ्यापुढे धरला. मी सगळं प्यायले.

गच्चीवर बादलीतल्या त्या झाडाला एकच फूल उमललं होतं. पांढरं नव्हतं. फिकट गुलाबी, कडेला थोडं गडद, आत मात्र तोच पिवळा. वैशालीने ते ओंजळीत घेऊन खाली आणलं. भिंतीवर आता दोन फोटो आहेत, मंदाचा आणि शेजारी अक्कांचा. फूल एकच.

"कुणाला वाहू?" तिने विचारलं.

"मंदाला," मी म्हटलं.

तिने ते मंदाच्या फोटोपुढे ठेवलं. मग आत गेली. पिंपाचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तांब्या काठोकाठ भरून ती बाहेर आली आणि तिने तो दोघींच्या फोटोंच्या मध्ये ठेवला.