आत्याने ऐकून घेतलेला कॉम्प्युटर

दुकानात जाऊन वस्तू विकत घेणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण वस्तूची मुलाखत घेऊन, तिला नापास करून परत फळीवर बसवणारं माणूस मी एकच पाहिलं आहे, आणि ते म्हणजे माझी आत्या. गिरगावातल्या दुकानदारांची एक अख्खी पिढी तिच्यापुढे उभी राहून म्हातारी झाली. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा ती एकाच दुकानात इतके महिने जात राहिली, की मधल्या काळात दुकानदाराच्या मुलीचं लग्न जमलं, आत्याला आमंत्रण आलं, आत्या चांदीची वाटी आहेर करून, पोटभर जेवून आली आणि फ्रिज शेवटी दुसऱ्याच दुकानातून घेतला. "त्यांच्याकडे घेतला असता तर नात्यातला व्यवहार झाला असता. मग घासाघीस कशी करणार?" हे तिचं म्हणणं. मिक्सर घेताना तिने घरून खोबरं, मिरच्या आणि कोथिंबीर पिशवीत घालून नेली होती. दुकानातल्या सगळ्या मिक्सरांवर तिने एकेक वाटण काढलं, मिक्सर काही पसंत पडला नाही, पण दुकानातल्या माणसांनी पाव मागवून चटणी संपवली आणि मावशी पुन्हा कधी येणार म्हणून विचारलं.

वस्तू पारखायची तिची रीत एकच, ती म्हणजे कान. आत्याची सगळी नोकरी फोर्टातल्या एका जुन्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर गेली. कानाला यंत्र लावून बसायचं आणि आलेला फोन ज्याला हवा त्याला जोडून द्यायचा, एवढंच काम. पण त्या कामातून तिने मनुष्यस्वभावाचं एक स्वतंत्र शास्त्र काढलं. कोणता साहेब घरी भांडून आला आहे, कोणाची उधारी बुडणार आहे, कोण आजारी असल्याचं सांगून मॅटिनीला निघाला आहे, हे तिला "हॅलो" एवढ्यावर कळे. लग्न तिने केलं नाही. एक स्थळ सगळ्यांना पसंत होतं, पण पाहायला आलेले गृहस्थ "चहात साखर जरा कमी आहे" हे वाक्य ज्या सुरात म्हणाले त्यावरून आत्याने नकार कळवला. ते पुढे फार चिडके निघाले असं ती आजही सांगते. त्यांच्या बायकोचं मत कोणी विचारलेलं नाही. पंखा, कुकर, शिवणयंत्र, सगळ्यांना तिने असंच आवाजावरून घरात घेतलं. आमच्या लग्नाआधी माझ्या बायकोशी ती फोनवर थोडा वेळ बोलली आणि मला म्हणाली, "घे. हिचं बेअरिंग चांगलं आहे."

अशा आत्याने गेल्या दिवाळीनंतर एके दिवशी मला बोलावून घेतलं आणि जाहीर केलं, "मला कॉम्प्युटर घ्यायचाय. मोठा. टेबलावर बसणारा."

मी लोअर परळच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढेच बसतो, त्यामुळे घरात या विषयातला जाणकार समजला जातो. मी म्हटलं, "लॅपटॉप घे ना. उचलून कुठेही नेता येतो."

"नेऊन नेऊन नेणार कुठे? खिडकीपासून मोरीपर्यंत? आणि मांडीवर घेऊन बसायला ते काय बाळ आहे?"

"मग टॅब घे. तुला करायचंय काय त्याच्यावर?"

"सुशीला बघायचंय," आत्या म्हणाली. "फोनवर ती पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते."

सुशीमावशी म्हणजे बोर्डावरच्या दुसऱ्या खुर्चीतली बाई. दोघींच्या खुर्च्या इतकी वर्षं शेजारी होत्या की एकीला शिंक आली तर दुसरी रुमाल काढायची. रिटायर झाल्यावर आत्याचा प्रत्येक रविवार सुशीमावशीच्या दादरच्या घरी जायचा आणि बाकीचे दिवस दोघी फोनवर असायच्या. दीड-दोन वर्षांपूर्वी सुशीमावशीने ती दादरची जागा विकली आणि ती मुलाकडे बंगळूरला गेली. आत्याच्या मनात तेव्हापासून एक काटा होता. "मला विचारलं नाही," ती म्हणायची. "साधी साडी घेताना मला फोन करायची, आणि घर विकलं तर मला सामान बांधताना कळलं." दोघींचे फोन चालू होते, पण ते हळूहळू आटत चालले होते. तब्येत बरी, हवा बरी, ठेवते. फोन खाली ठेवला की आत्या बराच वेळ काही बोलत नसे, आणि आत्याने न बोलणं हे आमच्या घराण्यात कोणी पाहिलेलं नव्हतं.

तर आम्ही लॅमिंग्टन रोडवर गेलो. तिथे कॉम्प्युटरच्या दुकानांना तोटा नाही, त्यामुळे आत्याला बालपण परत मिळाल्यासारखं झालं. एका दुकानात तिने किंमत ऐकून घेतली आणि की-बोर्डाकडे बोट दाखवून विचारलं, "यातली मला लागणार किती बटणं? निम्मी तर मी मरेपर्यंत दाबणार नाही. त्यांचे पैसे कमी करा." दुसऱ्या दुकानात विक्रेत्याने गेम खेळणार का म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पत्ते मी माणसांशी खेळते." तिसरा बिचारा हप्त्यांची योजना समजावून सांगत होता. त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेऊन आत्या म्हणाली, "हप्त्याने घेतलं की वस्तू आपल्या घरात येते आणि आपण त्यांच्या घरात जातो."

शेवटी एका कच्छी दुकानदाराजवळ तिचा पाय थांबला. मध्यमवयीन, सावकाश बोलणारा माणूस. तो बोलताना आत्या त्याच्या तोंडाकडे अगदी टक लावून बघत होती. माझी समजूत, तिला त्याचा आवाज पटला. तिने फर्मावलं, "एकेक डबा चालू करा. मला ऐकायचेत."

त्याने पहिला चालू केला. तो कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेला भला मोठा डबा होता, आतून लाल-निळे दिवे लागलेला, आणि त्याचे पंखे सुरू झाले तसा दुकानात पिठाच्या गिरणीसारखा आवाज भरला. समोरच्या बाकावरचं गिऱ्हाईक फोनवर बोलत होतं, ते उठून बाहेर गेलं. आत्याने पदर सावरला, वाकून डब्याला कान लावला, डोळे मिटले आणि समाधानाने मान हलवली.

"गुणी आहे," ती म्हणाली. "तोंडातून शब्द नाही."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्या भल्या माणसाने डबा बंद केला आणि आत्याच्या समोर येऊन, तोंड नीट दिसेल असा उभा राहून म्हणाला, "मावशी, हा नको. हा पोरांचा आहे, लाइट फार खातो. दुसरा दाखवतो. असाच शांत आहे, आणि स्वस्त पडेल." त्याने आणलेला खरोखरच शांत होता. आत्याने त्यालाही कान लावला, तोही पास झाला, आणि त्याच्या जोडीला दुकानातला सगळ्यांत मोठा पडदा तिने बोटाने दाखवून घेतला.

पैसे देताना तिने पर्समधून बँकेचं कार्ड काढलं. ते रुमालात, रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी पाकिटात. दुकानदाराने कार्डाचं यंत्र पुढे केलं तेव्हा आत्या कडक आवाजात म्हणाली, "सगळ्यांनी पाठ करा." मी वळलो. दुकानदार वळला. दोन गिऱ्हाइकं वळली. चहा घेऊन नुकताच आत आलेला हॉटेलवाला काही न विचारता ट्रेसकट वळला. सगळं दुकान भिंतीकडे तोंड करून उभं असताना आत्याने एकेक आकडा दाबला आणि दाबताना तो खणखणीत आवाजात उच्चारला. चारही आकडे बहुधा रस्त्यापलीकडेही पोचले असतील. आम्ही वळलो तेव्हा ती कार्ड रुमालात बांधत होती. दुकानदार तिच्या हातात पावती देताना म्हणाला, "मावशी, उद्या बँकेत जाऊन नंबर तेवढा बदलून घ्या."

"का?"

"नवीन वस्तू घेतली की बदलायचा असतो," तो म्हणाला. त्या माणसाचं मला फार कौतुक वाटलं.

टॅक्सीत खोकी पुढे ठेवली, आम्ही दोघं मागे बसलो. मी मोठ्याने म्हटलं, "आत्या, तो पहिला डबा फार आवाज करत होता."

"मला ऐकू येतं," ती लगेच म्हणाली. "हल्ली लोकच पुटपुटतात."

ऑपेरा हाऊसच्या सिग्नलला टॅक्सी थांबली, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत बोलायला लागली. "सुशीचा आवाज येतो रे फोनवर. शब्द येत नाहीत. डाळीसारखं सगळं शिजून एक झालेलं असतं. ओठ दिसले की मला लागते संगती. म्हणून मोठा पडदा." मग म्हणाली, "कोणाला सांगू नकोस. बोर्डावरच्या बाईला ऐकू येत नाही म्हणजे आचाऱ्याला चव कळत नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस येऊन सगळं जोडून गेला. आत्याने टेबल खिडकीजवळ ओढून घेतलं, ठेवणीतली नारायणपेठी नेसली आणि खुर्चीत ताठ बसली. मी बंगळूरला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी छताचा पंखा आला, मग एक प्रचंड नाकपुडी, मग सुशीमावशी.

"मागे हो सुशी, मला तुझं नाकच दिसतंय," आत्या म्हणाली. सुशीमावशी मागे झाली. दोघींनी एकमेकींना बराच वेळ न्याहाळलं. मग आत्याचे डोळे बारीक झाले. "कानात काय घातलंयस? ही कसली कुडी?"

सुशीमावशीचा हात कानाकडे गेला. "कुडी नाही गं. ऐकायचं मशीन. सुनेने जबरदस्तीने बसवलं."

आत्याने तिच्या ओठांकडे बघत ते समजून घेतलं. "कधीपासून येत नव्हतं?"

"दादरला होते तेव्हापासूनच. तुला सांगायची लाज वाटली."

"मग फोनवर मी बोलायचे ते?"

"निम्मं ऐकायचे, निम्मं मनाने भरायचे."

"मी पाऊण भरायचे," आत्या म्हणाली.

मी चहा करायच्या निमित्ताने उठलो होतो, तो तिथेच थांबलो. सुशीमावशी पडद्यावर पुढे झाली. "म्हणजे तुला पण? मग मी जागेचं विचारलं तेव्हा?"

"तू मला जागेचं कधी विचारलंस? न सांगता विकलीस."

"विचारलं नाही? मुलगा विकू या म्हणतोय, काय करू, असं फोनवर मी तुला विचारलं. तू म्हणालीस, विचारतेस काय, करून टाक, भिऊ नकोस. मला इतकं लागलं ते. म्हटलं, हिचे सगळे रविवार या घरात गेले आणि हिला काहीच नाही त्याचं."

आत्याने कपाळाला हात लावला. "अगं, ते मी तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला म्हणाले."

"मोतीबिंदू अजून तसाच आहे," सुशीमावशी म्हणाली.

आधी ती हसली की आत्या हसली, मला सांगता येणार नाही. दोघी डोळे पुसत हसत होत्या. मध्येच एकीचं थांबे आणि दुसरीकडे बघून पुन्हा सुरू होई. शेजारच्या खोलीतली माणसं दारात डोकावून गेली. मग हसू ओसरलं. आत्याने विचारलं, "मी नको म्हटलं असतं तर?"

सुशीमावशीने एकदा मागे वळून खोलीत कोणी नाही ना ते पाहिलं. "मुलाचं ठरलंच होतं गं. पण तू नको म्हणशील म्हणून मी वाट बघत होते."

आत्याने हात पुढे करून पडद्याला लावला, आणि लगेच, धूळ बसली होती असं दाखवत, पदराने तो पुसला.

त्यानंतर आठवड्याभरात तीच मला परळच्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे तिने मशिनांचीही यथासांग मुलाखत घेतली, आणि जे घेतलं ते कानात घालून रस्त्यावर आली तेव्हा पहिलं वाक्य म्हणाली, "माझ्या चपला इतक्या वाजतात हे मला कोणी सांगितलं कसं नाही?" आता तिला सगळं ऐकू येतं. बिल्डिंग एवढी भांडते हे माहीत असतं तर मशीन घेतलंच नसतं, असं ती म्हणते. स्वयंपाक झाला की ती रोज टेबलापुढे बसते, पलीकडे सुशीमावशी बसते, आणि निवडायच्या भाज्यासुद्धा दोघी एकमेकींना दाखवून निवडतात.

परळहून परत निघालो त्या दिवशी तिने टॅक्सी गिरगावाकडे न नेता आधी दादरला घ्यायला सांगितली. सुशीमावशीच्या बिल्डिंगसमोर आम्ही उतरलो. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीला नवी काच लागली होती आणि आत कोणा लहान मुलाचे कपडे वाळत होते. आत्या फुटपाथवर उभी राहून वर बघत होती. वरून कुकरच्या शिटीचा आवाज आला, तो तिने पूर्ण ऐकून घेतला.

"सुशीमावशीला सांगणार?" मी विचारलं.

"रंग चांगला दिलाय म्हणून सांगेन," आत्या म्हणाली. "तिच्या कुंड्या काढल्या ते नाही सांगणार."

आणि टॅक्सीवाला ताटकळला होता, म्हणून आम्ही निघालो.