वन्संचा रांजण

वन्सं निवृत्त होऊन घरी बसल्या आणि आमच्या घरातल्या एकाही वस्तूला स्वस्थता राहिली नाही. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला, कात्री शिवणाच्या पेटीतून निघून दारामागच्या खिळ्याला लटकली, आणि न्हाणीघरातल्या नळावर ‘घट्ट बंद करणे’ अशी चिठ्ठी लागली.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. नोकरीचं सगळं आयुष्य त्यांनी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीत काढलं. पाणी आलं नाही, गढूळ आलं, शेजारच्यांना आलं आणि आम्हालाच नाही, असं दिवसभर ऐकून ऐकून त्यांच्या कामाला एक पद्धत पडली होती. समोर जो उभा आहे त्याचं काम आत्ताच्या आत्ता मार्गी लावायचं आणि पुढच्याला हाक मारायची. खिडकी सुटली, पण हात काही थांबेनात. समोर आता फक्त मीच उभी असायचे.

वाचनालयाच्या फलकावर ‘आपल्या शहराचा इतिहास आपण शोधूया, स्वयंसेवक हवेत’ अशी सूचना दिसली, तेव्हा मला काही इतिहासाचा उमाळा आला नव्हता. रविवारची सकाळ निवांत मिळेल, एवढंच डोक्यात आलं. मी वन्संना म्हटलं, “तुम्हाला जमणार नाही म्हणा, उन्हातान्हात बसायचं असतं.”

“जमणार नाही कोण म्हणालं?” असं म्हणत त्या गेल्या, आणि पहिल्याच दिवशी बोलणी खाऊन आल्या.

जुन्या कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत गाड्या लावायला इमारत उठणार होती. ते काम सुरू व्हायच्या आत तिथं खणायची परवानगी ती सूचना लावणाऱ्या मंडळाला मिळाली होती. मंडळ कसलं, कॉलेजात पुरातत्त्व शिकवणाऱ्या एक बाई, आणि रविवारची झोप सोडून येणारी चार हौशी माणसं. दोऱ्या बांधून आखलेल्या चौकोनात बसायचं आणि लहान थापीनं माती खरवडत जायचं. वन्संना मातीत एक खापरी दिसली. त्यांनी ती लगेच उचलली, रुमालानं लख्ख पुसली आणि बाईंच्या हातात ठेवली. पुढच्याला हाक मारायच्या तयारीतच होत्या.

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “अहो, उचलायचं नाही! आधी आहे तिथं ठेवून फोटो, मोजमाप, मग हात लावायचा. ती कुठं पडली होती हे गेलं, की अर्धी गोष्ट गेली.”

“आमच्याकडे फायलींचं असंच असायचं,” वन्सं म्हणाल्या. “हलवली की गेली.”

बाई हसल्या. मला वाटलं होतं पुढच्या रविवारी काही वन्सं जायच्या नाहीत. पण त्या उजाडताच तयार. डोक्याला फडकं, गुडघ्याखाली घ्यायला जुनी उशी, आणि ती उशी कुणाची, हे मी विचारलं नाही. माझीच होती.

ह्यांना मात्र या प्रकाराची गंमत वाटायची. “ताई, माझ्या हातून एक कप फुटला तर तू महिनाभर बोललीस. आणि आता फुटकी भांडी शोधायला तू सुट्टीची जातेस?”

“तू फोडलास तो नवा होता, छोट्या,” वन्सं म्हणायच्या.

छोट्या म्हणजे आमचे हे. डोक्यावरचे केस गेले, चाळिशी लागून ती बदलूनही झाली, तरी घरात छोट्याच. सासू-सासरे मी पाहिलेच नाहीत. ते गेले तेव्हा वन्सं कॉलेजात होत्या आणि हे शाळेत. वन्संनी कॉलेज सोडलं आणि खिडकीत जाऊन बसल्या. ह्यांचे बूट, ह्यांचा अभ्यास, ह्यांचा ताप, सगळं त्यांनी काढलं. लग्नाचं कुणी विचारलं तर “आधी ह्याचं मार्गी लागू दे” म्हणायच्या, आणि ह्यांचं मार्गी लागेपर्यंत विचारणारेच थांबले. ह्यांचा ताईवर जीव होता, पण तो कसा, तर घराच्या भिंतीवर असतो तसा. भिंतीला कुणी रोज हाक मारत नाही. कार्यालयातल्या निरोपाच्या समारंभाला हे निघाले, पण वाटेत काहीतरी काम आलं आणि पोचले तेव्हा खुर्च्या उचलत होते. वन्सं म्हणाल्या, “काही नव्हतं रे तसं बघण्यासारखं.”

पावसाळ्याआधी खणणं थांबलं आणि वन्संच्या चौकोनात सापडलेला ढीग वाचनालयाच्या वरच्या खोलीत आला. एका मोठ्या रांजणाच्या खापऱ्या होत्या त्या. जुन्या दातांच्या ब्रशांनी त्या घासल्या, वर्तमानपत्रांवर वाळवल्या, प्रत्येकीवर आतल्या बाजूनं शाईनं बारीक आकडा घातला. मग जोडायचं काम कुणी करायचं असा प्रश्न आला तेव्हा वन्संनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

मी डबा घेऊन जायचे तेव्हा बघायचे. लांबट टेबलावर वाळूनं भरलेला ट्रे. दोन खापऱ्यांच्या कडांना डिंक लावायचा, जुळवून दाबून धरायच्या, आणि त्या वाळूत अशा खोचायच्या की आपल्याच वजनानं एकमेकींवर टेकून राहतील. डिंक असा, की चुकलं तर नखांचा रंग काढायच्या ॲसिटोननं सुटावा. बाईंनी बजावलं होतं, आधी सगळा रांजण नुसत्या कागदी चिकटपट्टीनं उभा करून बघा, कुणामागून कोण बसतंय ते ठरवा, आणि मगच डिंकाला हात लावा. वन्संनी मान डोलावली. पण बुडाचे दोन तुकडे हातात आले आणि असे टचकन जुळले, की त्यांना राहवेना. “बसतंय की!” म्हणाल्या, आणि लावला डिंक.

तिथून पुढे त्यांनी चिकटपट्टीही वापरली, शिस्तही पाळली. रांजण वर चढत गेला. बूड, पोट, खांदा. रस्त्यानं चालताना वन्सं खापऱ्या जुळवल्यासारखी बोटं हवेत वळवायच्या, मी कोपरानं ढोसायचे. घरातल्या डब्यांवरचं लक्ष पार उडालं. साखर मी खाली आणली, तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग ठरलं, की एका रविवारी मंडळाची खोली लोकांना बघायला उघडायची. रांजण मधोमध, आणि त्याच्यापुढे कार्ड, त्यावर वन्संचं नाव. एवढ्या वर्षांत त्यांचं नाव कुठं लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. खिडकीवरसुद्धा ‘तक्रारी’ एवढंच असायचं.

जेवताना वन्सं ताटाकडे बघत म्हणाल्या, “छोट्या, रविवारी वेळ आहे का रे तुला?”

हे म्हणाले, “कशाला?”

“काही नाही. असला तर ये.”

त्या आवाजाला ह्यांनीही मान वर केली. “येईन की,” म्हणाले. मी तेव्हाच ठरवलं, वाटेत कसलंही काम आलं तरी ह्यांना ओढत न्यायचं.

शुक्रवारी दुपारी मी डबा घेऊन वर गेले. रांजण टेबलावर उभा, कमरेएवढा. खांद्यापाशी तळहाताएवढं भोक, आणि तेवढीच एक खापरी वन्संच्या हातात. ती बसत नव्हती. आडवी, उभी, तिरकी, आतून, बाहेरून, कशीही लावली तरी एक कडा केसभर वर राहत होती.

बाई म्हणाल्या, “होतं असं. खाली कुठंतरी एक सांधा किंचित चुकतो. तिथं कळत नाही, पण वर येईपर्यंत ते वाढत जातं आणि शेवटच्या तुकड्याला जागा उरत नाही.” मग हळूच म्हणाल्या, “राहू दे. ती बाजू आपण भिंतीकडे करू. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

मंडळातला टॅक्सीवाला पाटीला रंग देत बसला होता. तो म्हणाला, “ताई, माझ्या गाडीचा डावा दरवाजा उघडत नाही. मी सगळ्यांना उजवीकडून बसवतो. चालतंय की!”

वन्संनी डबा उघडला, पुन्हा लावला. घरी आल्यावर तो तसाच भरलेला ओट्यावर ठेवला.

ह्यांनी विचारलं तेव्हा मीच सांगितलं. आणि काय आश्चर्य, ह्यांच्या अंगात एकदम उत्साह संचारला! माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली, कानस शोधली, फुंकर मारून पुसली. “एवढंच ना? ताई, केसभर घासायचं. दोन मिनिटांचं काम. मी येतो उद्या तुझ्याबरोबर.”

इतके दिवस ज्या खोलीची पायरी चढले नाहीत, तिथं हे आपणहून निघाले होते. वन्संनी कानशीकडे पाहिलं, मग भावाकडे. मला वाटलं, आता हो म्हणतील. मीच मनात म्हणत होते, म्हणा हो, वन्सं. परवा लोक येणार आहेत.

“नको रे छोट्या,” त्या म्हणाल्या. “तो तुकडा बरोबर आहे. चुकलंय माझं. त्याला कशाला घासायचा?”

“अगं, पण तुझं नाव लागणार ना त्याच्यापुढे!”

“म्हणूनच तर.”

ह्यांनी कानस पेटीत ठेवली. जरा हिरमुसलेच.

शनिवारी मी वन्संबरोबर गेले. खिडक्या उघडल्या, कापसाचे बोळे ॲसिटोनमध्ये भिजवून सांध्या-सांध्यांवर ठेवले, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं. जरा वेळानं एकेक खापरी हातात सुटून येऊ लागली. खांदा गेला, पोट गेलं. मला बघवत नव्हतं. वन्संचे हात मात्र सावकाश. सुटलेली प्रत्येक खापरी त्या आकडा बघून वर्तमानपत्रावर तिच्या जागी ठेवत होत्या. शेवटी बुडाचे ते पहिले दोन तुकडे सुटले. त्यांच्या कडेला वाळूचा एक कण चिकटलेला होता. वन्संनी तो नखानं काढून माझ्या तळहातावर ठेवला.

“बघ,” म्हणाल्या, “सांधा इतका घाईत लावला होता मी.”

रविवारी खोली माणसांनी भरली. मधल्या टेबलावर रांजण नव्हताच, वाळूचा ट्रे होता, आणि वर्तमानपत्रावर मांडलेल्या खापऱ्या. बाईंनी नवं कार्ड लिहिलं होतं: ‘जोडणी सुरू आहे’. नाव नव्हतं. ते वन्संनीच काढायला लावलं होतं. “झाल्यावर लावा.”

एक गृहस्थ वाकून म्हणाले, “हे तर फुटकंच आहे.”

“हो,” वन्सं म्हणाल्या. “परवापर्यंत अख्खं होतं.”

गृहस्थ गोंधळून पुढे सरकले. वन्संच्या कार्यालयातल्या दोघी येऊन गेल्या, “किती किचकट गं!” म्हणाल्या आणि चहाच्या टेबलाकडे वळल्या. वन्सं हसतमुखानं सगळ्यांना सांगत होत्या, पण मधून मधून नजर जिन्याकडे जात होती. ह्यांना ‘मी पुढे जाते, तुम्ही मागून या’ असं सांगून मी आले होते, आणि आता मलाच धाकधूक लागली. बघायला काही उरलंच नाही म्हटल्यावर हे येतील कशाला?

आले. घामाघूम, इस्त्रीचा शर्ट घालून. टेबलापाशी थांबले, सगळ्या खापऱ्यांवरून नजर फिरवली. काहीतरी विनोद करणार असं त्यांच्या तोंडावर आलेलं मला दिसलं. तो त्यांनी गिळला.

“ताई, हे सगळं तू आधी एकदा जोडलं होतंस?”

“हो.”

“एवढं सगळं?”

“बाही वर कर आणि हात धुवून ये,” वन्सं म्हणाल्या.

हे हात धुवून आले. वन्संनी बुडाच्या दोन तुकड्यांच्या कडा ब्रशनं झटकल्या, बोट फिरवून पाहिल्या, पुन्हा झटकल्या. आधी कोरडेच जुळवले, उजेडाकडे धरले, खाली ठेवले. मग डिंक लावला आणि तो सांधा ह्यांच्या दोन्ही हातांत दिला. “असं धर. दाबायचं नाही, नुसतं धरायचं. मी सांगेपर्यंत सोडू नकोस.”

हे खुर्चीवर ताठ बसले. लोक येत होते, वाकून बघत होते, जात होते. बाईंचं छोटं भाषण झालं, टाळ्या झाल्या. हे टाळ्या वाजवू शकले नाहीत. शेजारच्या खुर्चीवर वन्सं पुढच्या खापरीची कडा साफ करत होत्या. दोघं असे शेजारी शेजारी, एकाच कामावर बसलेले मी माझ्या संसारात पाहिले नव्हते.

जरा वेळानं हे कुजबुजले, “ताई.”

“हलू नकोस.”

“नाक खाजतंय गं.”

वन्संच्या बोटांना डिंक होता. त्यांनी मनगट उलटं केलं आणि ते ह्यांच्या नाकावर हलकेच घासलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

“बास?”

“अजून जरा.”