कवडूच्या हातचं निळं कमळ

ढिवराच्या घरी जन्माला येऊन मासोळीला हात न लावणारा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत एकच होता, आणि तो काही साधुसंत नव्हता. कवडू त्याचं नाव. कामठ्याच्या अलीकडच्या एका गावात, मालगुजार केशोरावांच्या बोडीच्या पाळीवर त्याची झोपडी होती. लहान तळ्याला इकडे बोडी म्हणतात आणि त्याच्या बांधाला पाळ. लोक त्याला लांबून पाहून हसायचे आणि जवळ आला की गप्प बसायचे. हे हसू त्यानं स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलं होतं, दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नव्हती.

त्याचं असं झालं. गोंदियाच्या एका रेल्वे इंजिनेर साहेबाची बदली झाली, तेव्हा मडमेनं जाताना बंगल्यातली हौसेची झाडं वाटून टाकली. केशोरावांच्या वाट्याला पाण्यानं भरलेली एक कुंडी आली आणि तिच्यात एक निळं कमळ. हे आफ्रिकेतलं, हबशांच्या मुलखातलं आहे, असं मडम म्हणाली होती. झालं! मालकांना चढलं. भंडाऱ्याचे डिप्टी कमिशनर साहेब दौऱ्यावर येतील तेव्हा सगळी बोडी निळी दिसली पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं. माळ्यानं आपल्या कमळासारखा त्याचा कांदा उकरला, तुकडे केले, खोल चिखलात पुरले, आणि एक सोडून सगळे सडवले. बोडीत एकच झाड उरलं. मालकांनी माळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

कवडू तेव्हा विशीतला होता. तळ्यात जाळं ओढताना शिंगी माशाचा काटा त्याच्या पंज्यात घुसला आणि हात भाकरीएवढा सुजला. जाळ्यावर त्याचा उपयोग नाही म्हणून बापानं त्याला बोडीतलं शेवाळ काढायला धाडलं. तिथं त्याला दिसलं की त्या निळ्या कमळाचं एक जुनं पान पिवळं पडून काठाला लागलंय, आणि पानाच्या मधोमध, जिथं देठ जुळतो तिथं, एक इवलंसं झाड बसलंय. पानं, मुळं, सगळं जागच्या जागी. आईच्या कडेवर लेकरू असावं तसं. आपल्या कुठल्या कमळानं असं केलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. गंमत म्हणून त्यानं ते पान घोटाभर पाण्यात चिखलावर दाबलं आणि वर एक दगड ठेवला. लागलं की हो ते! मग तो येता-जाता दिसेल ते पिवळं पान दाबत सुटला. हात बरा होईस्तोवर काठानं नवी झाडं उभी राहिली.

मालक पाळीवर आले. सोबत मुनीम शालीकराम आणि तोंड पाडून उभा असलेला माळी.

"काऊन रे कवड्या, माळ्याले नाही जमलं ते तुले कसं जमलं?"

खरं सांगायला काय जात होतं? पानालाच पोर होते मालक, मी नुसता दगड ठेवलो. एवढंच तर होतं. पण कवडूच्या डोळ्यांपुढे उद्याची पहाट उभी राहिली. पूस महिना, छातीएवढं पाणी, काठावरून बापाच्या शिव्या. खरं सांगितलं तर मालक एक धोतर देतील आणि पुन्हा जाळ्यावर हाकलतील. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मालक, या झाडाले मासोळीचा हात चालत नाही. माहा हात सुजला होता, म्हनून मासोळीले शिवलो नाही. म्हनून लागलं."

"मग आजपासून शिवायचंच नाही," केशोराव म्हणाले.

पाळीवर झोपडी बांधून दिली, धान्य ठरलं, आणि वर मालकांनी मोठ्या मनानं जाहीर केलं की कवडू नेम पाळेल तोवर मोठ्या तळ्यातला शिंगाडा ढिवरटोल्याचा, म्हणजे ढिवरांच्या वस्तीचा. टोल्यानं कवडूला खांद्यावर घेतलं. पहिला हिवाळा त्यानं शेकोटीपाशी बसून काढला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बाकीचे ढिवर कुडकुडत जाळी ओढत होते, हा बसल्या जागी भात खात होता.

मजा संपायला फार दिवस लागले नाहीत. मालकांचा मुनीमजींवर विश्वास, आणि मुनीमजींचा कोणावरच नाही. रोज सकाळी शालीकराम पाळीवर यायचा आणि म्हणायचा, "हात दाखव." मग नाक लावून कवडूचे दोन्ही हात हुंगायचा. चांगला बाप्या माणूस, आणि मांजरानं हुंगल्यासारखं त्याला हुंगायचं! पहिल्यांदा कवडू हसला. मग त्याला लाज वाटायला लागली. पुढं पुढं तर मुनीमजी दिसले की त्याचे हात आपसूकच पुढं व्हायचे, आणि याचंच त्याला सगळ्यात वाईट वाटायचं.

लग्न झालं. बायको शामकला गोंदियाच्या बाजारात मासोळी विकायची. ती काही टोपलं सोडायला तयार नव्हती. "तुमच्या फुलापायी मी कायले उपाशी मरू?" म्हणाली. म्हणून ती टोल्यात आणि हा पाळीवर, असा संसार. तरी लेक झाली, सुगरता, कारण मुनीमजींचं नाक फक्त दिवसा कामावर असायचं. पण तिला मांडीवर घ्यायची तरी आधी राखेनं पुसून घ्यावं लागायचं. बाप मेला तेव्हा तेराव्याच्या जेवणात मासोळीचा पहिला तुकडा मोठ्या लेकानं वाढायचा होता. साहेब यायचे होते, मालकांनी साफ नाही म्हटलं. तुकडा धाकट्या भावानं वाढला आणि कवडू लांब बसून वरण-भात गिळत होता. जातीच्या पंगतीत त्यानंतर त्याला कोणी आग्रह केला नाही.

एकदा त्यानं ठरवलं, मरू द्या हे झाड. वर्षभर हात लावला नाही. दगड नाही, चिखल नाही, काही नाही. मेल्या झाडानं काय करावं? पिवळी पानं आपोआप काठाला लागली, पोरं आपोआप रुजली आणि बोडी पूर्वीपेक्षा जास्त निळी झाली. मालकांनी खूश होऊन त्याला पागोटं बांधलं. साहेबानं फुलं पाहिली, मालकांना दरबारात खुर्ची मिळाली. आता उपटून टाकावं म्हटलं, तर टोल्याचा शिंगाडा जातो आणि सगळी जात उरावर बसते. ज्या झाडाला कवडूची काडीची गरज नव्हती, त्या झाडापायी कवडू जखडून बसला होता. चिडून तो कधी कधी फुलालाच शिव्या द्यायचा.

अशी वर्षं गेली आणि सुगरतेला स्थळ आलं. वैनगंगेच्या काठचा चैतराम, त्याचा एकुलता एक पोरगा केवलराम. पोरगा नदीत नाव चालवण्यात वाकबगार. सुगरतेनं त्याला एकदाच पाहिलं होतं, पण नदीबद्दल ती आईला रोज काहीबाही विचारायची. बोडी आणि तळं यापलीकडे पाणी कसं असतं, ते वाहतं म्हणजे कुठं जातं, असलं. कवडूला हे ऐकून बरं वाटायचं. आपली पोरगी तरी या पाळीपासून सुटते म्हणायचा.

पण चैतरामची एक अट होती. "आमच्या घरी व्याही होयाचं म्हनजे दोघा बापांनी मिळून एक जाळं टाकायचं, आन् त्याच मासोळीवर लग्नाची पंगत उठवायची. आजा-पणजापासून आहे. तुम्ही जाळं नाही टाकत तर मले सोयरीक नाही करायची. मासोळीले न शिवनारा ढिवर, लोकं मले काय म्हनतीन?"

कवडू मालकांकडे गेला. एका दिवसाची मोकळीक मागितली, पाय धरले. केशोराव म्हणाले, "वेडा का काय तू? औंदा मोठे लाटसाहेब नागपूरला येऊन राहिले, टोपली भरून फुलं द्यायची आहेत. एका दिवसानं बोडीतलं सगळं सडलं तर?" बाहेर येऊन कवडू पायरीवरच बसला. खोटं इतकं जुनं झालं होतं की मोडायचं कुठून, हेच त्याला सुचेना.

शेवटी त्यानं ठरवलं, खरं सांगायचं. पण नुसतं सांगून कोण ऐकतो? म्हणून त्यानं पावसाळ्यात सुगरतेला बोलावलं. ती आईसोबत मासोळी चिरत होती, तशीच आली, हाताला खवले चिकटलेले.

"हे पान दाब. दगड ठेव वरून."

"मी? माहे हात भरले आहेत ना बाबा!"

"म्हनूनच."

तिनं दाबलं. कवडूनं तिथं बांबूची काडी रोवली. पान कुजलं, पोर रुजलं, पसरलं, आणि दसऱ्याच्या सुमारास त्याला कळी आली. कवडूनं चैतरामला आणि केवलरामला बोलावून घेतलं, टोल्यातली माणसं जमवली आणि मालकांना पाळीवर आणलं. आज किती वर्षांनी तो ताठ उभा राहिला होता.

"मालक, हे झाड माह्या पोरीनं लावलं. मासोळीच्या हातानं. नेम-बिम काही नाही. मी तेव्हा खोटं बोललो. पानालेच पोर होते, कोनीबी लावलं तर लागते. मले जी शिक्षा द्याची ते द्या, पन सोडा."

केशोराव खाली वाकले, कळी पाहिली, काडी पाहिली. मग सुगरतेकडे पाहत राहिले.

"मासोळीचा हात लागूनही लागलं?" ते हळूच म्हणाले. "शालीकराम, पाहिलंत? बापाला नेम पाळावा लागला, पोरीला तोही लागत नाही. इतक्या वर्षांची पुण्याई रक्तात उतरली हो!"

"नाही, मालक!" कवडू ओरडला. "कोनाच्याबी हातानं लागते! ह्या माळ्याले लावू द्या. मुनीमजीले लावू द्या. हे घ्या पान, लावा कोनीबी!"

त्यानं पान पुढं केलं. माळ्यानं हात पाठीमागे घेतले. शालीकराम दोन पावलं सरकला आणि धोतर सावरू लागला. टोल्यातला एकही माणूस पुढं आला नाही, त्याचा सख्खा भाऊसुद्धा नाही. का येतील? लागलं तर काय होतं, ते कवडूकडे बघून सगळ्यांना ठाऊक होतं. चुकून आपल्या हातानं रुजलं आणि जन्मभर पाळीवर बसावं लागलं तर, ही धास्ती एकेकाच्या तोंडावर दिसत होती.

कवडूचा धीर सुटला. आपण काय करून बसलो ते त्याला आता कळलं. तो घाईघाईनं म्हणाला, "मालक, पोरीनं नाही लावलं. मीच लावलो. मी उगाच तिचं नाव घेतलो."

"असं?" केशोराव म्हणाले. "मघाशी एक, आता एक. पोरीच्या डोक्यावर हात ठेव आणि बोल. हे झाड कोणाच्या हातानं लागलं?"

सुगरता बापाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं, खोटं बोला बाबा, एवढ्या वेळा बोललात. कवडूनं हात तिच्या डोक्यावर ठेवला. जिभेवर शब्द तयार होता. पण हाताखाली पोरीचं डोकं गरम लागलं, आणि एकुलत्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलायची त्याची छाती झाली नाही. तिचं काही बरंवाईट झालं तर?

"तिच्याच हातानं," तो म्हणाला. "पन मालक, कोनाच्याबी..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. केशोरावांनी हात वर केला. "झालं तर. पोरगी इथंच राहील, पाळीवर. शिंगाडा टोल्याकडेच. व्याहीबुवा, पोरगा इकडे घरजावई द्या, मी धान्य देतो."

"एकुलता एक पोट्टा आहे माहा," चैतराम म्हणाला. "नाव कोन चालवंल? चाल रे केवलराम." केवलरामनं एकदा वळून पाहिलं आणि तो बापामागं चालू लागला. शामकलेनं तोंडाला पदर लावला.

"आणि कवड्या," मालक जाता जाता म्हणाले, "तू आता मोकळा. खुशाल जाळं टाक."

माणसं पांगली. कवडूचा हात अजून लेकीच्या डोक्यावरच होता. सुगरतेनं तो धरून खाली केला.

"जा ना बाबा," ती म्हणाली. "तुमी सुटले."