टेकडीवरचं गाव

आज नेदरलँड्समधल्या आमच्या उइटहॉर्नच्या घरात माझ्या बायकोने, नीताने, वरणाला हिंगाची फोडणी दिली आणि मला जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची ती संध्याकाळ आठवली.

सुट्टीसाठी द्राक्षमळ्यांतली दोन जुनी गावं आमच्या मनात होती. नीताचा जीव टेकडीवरच्या गावात अडकला होता. तिथल्या घरमालकाला मी फोनवर भाडं कमी करायला लावलं. शेवटी तो म्हणाला, "स्वयंपाकघर वापरा, पण मसाल्याचा वास नको." मी भडकून फोन ठेवला आणि नदीकाठच्या गावातलं घर घेतलं. त्या माणसावरचा राग अजून गेलेला नाही.

नदीकाठच्या आमच्या घरमालकीण आजींनी तर वरण मागून घेतलं. अंगणात पिकल्या द्राक्षांचा आंबूस वास हिंगात मिसळत होता, मळ्यांवरचं ऊन हळूहळू विरत होतं. पलीकडे टेकडीवर दिवे लागले. नीता म्हणाली, "इथूनही छान दिसतंय." तेव्हा वाटलं, मीच जिंकलो. आता डोळ्यांसमोर येतो तो टेकडीकडे बघताना तिच्या हातातच राहिलेला घास.

"या वर्षी टेकडीवर जायचं?" मी विचारलं.

"जाऊ या," वरणावर झाकण ठेवत ती म्हणाली, "पण फोन मी करणार."